जेवण बंद, मग इन्सुलिनही बंद?

गेल्या महिन्यात आमच्या आळीतील एका गुरुजींची मुलगी दवाखान्यात आली. आजारी नव्हती. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीसाठी घरी आली होती. रुग्णांची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग एक जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, बाकीचे विषय जमतात, पण हे जैवरसायन काही डोक्यात राहत नाही. रात्री पाठ केलेली चक्रे सकाळी पुसली जातात. तुम्ही कशी पाठ केली होती?"

मी म्हणालो, "पाठ केली होती ना, म्हणूनच तर फसलो."

ती हसली. तिला वाटले, काका गंमत करताहेत. पण ती गंमत नव्हती. मी तिला एका मुलाची गोष्ट सांगितली आणि नंतर तासभर कागदावर रेघोट्या ओढत पेशीचा कारभार समजावून दिला. दुसऱ्या दिवशी गुरुजी भेटले. म्हणाले, "डॉक्टर, पोरीला सांगितलेत ते पेपरात लिहा. आमच्या घरातही मधुमेह आहे. आम्हालाही कळायला हवे." म्हणून आजचा हा लेख. विषय कॉलेजातला आहे. पण वाचकहो, घाबरू नका. ज्याने एकदा तरी उसाला दारे धरली आहेत, त्याला तो सहज समजेल.

१९९५ सालची गोष्ट

मला दवाखाना टाकून दोनच वर्षे झाली होती. बाजाराचा दिवस होता. जवळच्या खेड्यातील एक शेतकरी दारातूनच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पोरगं काल रात्रीपासनं जेवत नाही. अंगात ताप आहे, उलटी होतीया. त्याचं इंजेक्शन द्यायचं का?" मुलगा अकरा वर्षांचा. त्याला लहान मुलांना होणारा मधुमेह होता आणि शहरातील डॉक्टरांनी रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यायला सांगितले होते. घरी फ्रीज नव्हता. बाप ती बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून जपत असे.

माझ्यासमोर वीसेक रुग्ण बसले होते. मी मान वर न करता म्हणालो, "अहो, जेवतच नाही तर साखर कुठून येणार? जेवायला लागेपर्यंत राहू द्या इन्सुलिन." तापाच्या आणि उलटीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाप निघून गेला.

दोन दिवसांनी रात्री जीप दारात थांबली. मुलाचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोट दुखते म्हणून कण्हत होता आणि धावून आल्यासारखा खोल, मोठा श्वास घेत होता. तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास येत होता. तेव्हा आमच्यासारख्यांकडे बोटातून साखर तपासायचे यंत्र नव्हते. मी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवली. निळ्याचा रंग एकदम विटकरी झाला. दोन दिवस अन्नाचा कण पोटात नव्हता आणि लघवी साखरेने भरलेली होती!

सलाइन लावून त्याच जीपने त्याला जिल्ह्याच्या गावी पाठवले. पहाटे तेथील डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "इन्सुलिन कुणी थांबवलं?" मी म्हणालो, "मी."

मुलगा वाचला. आठवडाभराने घरी आला. पण तो प्रश्न माझ्या कानातून गेला नाही. कारण पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी क्रेब्ज चक्र फळ्यावर न अडखळता काढून दाखवले होते. गुणही चांगले मिळाले होते. म्हणजे मला वाट पाठ होती. वाटेवरची दारे कोण उघडतो आणि कोण लावतो, हे मात्र मी शिकलोच नव्हतो.

चय आणि अपचय

आपला मराठी शब्दच किती सोपा आहे पाहा: चयापचय. चय म्हणजे जोडणे, साठवणे. अपचय म्हणजे मोडणे, खर्च करणे. शरीरातील प्रत्येक जिवंत पेशी ही दोन कामे करते. अन्नातून आलेले पदार्थ मोडून ऊर्जा काढते आणि त्या ऊर्जेवर नवे पदार्थ जोडते.

ही ऊर्जा थेट वापरता येत नाही. ती आधी एटीपी नावाच्या रेणूत भरावी लागते. बाजारात धान्याच्या बदल्यात भाजी घेण्याऐवजी आपण पैसे वापरतो, तसे एटीपी हे पेशीचे चलन आहे. हे चलन शरीरात एका वेळी असते जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास. पण नुसते पडून राहिलेला माणूसही दिवसभरात सुमारे ४० किलो एटीपी वापरतो. याचा अर्थ तीच नोट दिवसातून शेकडो वेळा फिरते. चलन फिरायचे थांबले की काही मिनिटांत मेंदू आणि हृदय थांबते.

हे एटीपी १९२९ साली ज्यांनी शोधले, त्यांत आपल्या देशाचे एक शास्त्रज्ञ होते. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्याबरोबर ते स्नायूंतून वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे शोधले. सुब्बारावांचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

पाट आणि दारे

आता धरणाचा कालवा डोळ्यांसमोर आणा. कालव्यातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून पाट निघतात आणि पाटाचे पाणी सरींत जाते. वाटेत वळणे कितीतरी असतात. पण शेतकरी वळणे मोजत बसत नाही. दार कोठे आहे, एवढे तो पक्के जाणतो. पाणी कोणाच्या रानात जायचे ते दारावर ठरते.

पेशीतही तसेच आहे. ग्लुकोजची साखर मोडायची पहिली वाट म्हणजे ग्लायकोलिसिस. तिच्यात दहा पायऱ्या आहेत. विद्यार्थी दहाच्या दहा पाठ करतो आणि दमतो. पण यातल्या सात पायऱ्या दोन्ही दिशांनी चालतात, त्यांवर पहारा नसतो. फक्त तीन पायऱ्या एकाच दिशेने जातात. हीच तीन दारे. त्यांतले मुख्य दार म्हणजे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचे एन्झाइम. नाव लांबलचक आहे, काम मात्र आपल्या गच्चीवरच्या टाकीतील बॉलकॉकसारखे आहे. टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. तसेच पेशीत एटीपी पुरेसे साठले की तेच या एन्झाइमला जाऊन चिकटते आणि दार लोटून घेते. एटीपी खर्च होऊन त्याचा उरलेला तुकडा, म्हणजे एएमपी, वाढला की दार पुन्हा उघडते. कोणी सांगावे लागत नाही.

उपाशीपोटी यकृत उलट काम करते. ते नवी साखर बनवते. ही परतीची वाट बहुतेक त्याच पायऱ्यांवरून जाते. मात्र या तीन ठिकाणी तिची स्वतःची वेगळी दारे आहेत. जाण्याचे आणि येण्याचे दार एकाच वेळी सताड उघडे राहिले, तर पाणी नुसते गोल फिरेल आणि एटीपी फुकट जाईल. म्हणून एक उघडले की दुसरे लावावे लागते.

साखर, चरबी आणि प्रथिने यांच्या वाटा पुढे एका तिठ्यावर एकत्र येतात. त्या तिठ्याचे नाव असिटिल कोएन्झाइम ए. तेथून माल तंतुकणिकांतील क्रेब्ज चक्रात जातो आणि त्याचा धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासातून बाहेर टाकतो. १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे हे चक्र मांडले, तेव्हा एका नामवंत साप्ताहिकाने त्यांचे टिपण परत पाठवले होते. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नापास झालेल्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

या तिठ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. साखरेकडून तिठ्यावर येणारा रस्ता एकेरी आहे. साखरेची चरबी होते, हे आपण आपल्या पोटाकडे पाहून जाणतोच. पण चरबीतील मेदाम्लांची पुन्हा साखर होत नाही. म्हणून साखर कमी पडली की यकृत ती मुख्यतः स्नायूंच्या प्रथिनांतून बनवते. उपचार न झालेल्या मधुमेहात दंड आणि मांड्या का वाळतात, ते यावरून कळेल.

पाटकरी कोण?

बॉलकॉक एका घरापुरता ठीक आहे. पण साऱ्या गावचे पाणी वाटायला पाटकरी लागतो. शरीराचे मुख्य पाटकरी दोन: इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन. दोघेही स्वादुपिंडात राहतात आणि दोघांचे हुकूम उलट असतात.

जेवण झाले, साखर रक्तात आली की इन्सुलिन निघते. त्याचा हुकूम एकच: "सुगी आहे, साठवा." स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेतात. यकृत साखरेची साखळी करून ग्लायकोजेन म्हणून साठवते. नवी साखर बनवण्याचे दार बंद होते. चरबी वितळण्याचे दारही बंद होते.

जेवून काही तास झाले की ग्लुकॅगॉनचे राज्य. त्याचा हुकूम: "कणगी उघडा." यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. ताप, जखम, भीती अशा वेळी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकेही त्याच्याच बाजूने उभी राहतात.

म्हणजे नियमन तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी बॉलकॉकची, क्षणात बदलणारी. दुसरी पाटकऱ्याची, संप्रेरकाच्या हुकमाने एन्झाइमला फॉस्फेटचा बिल्ला लागतो किंवा काढला जातो आणि ते काही मिनिटांत चालू किंवा बंद होते. तिसरी पातळी नवी दारे बसवण्याची. पेशी त्या एन्झाइमचे उत्पादनच वाढवते किंवा घटवते. त्याला तास किंवा दिवस लागतात. कोणत्याही विद्यापीठाचा पेपर घ्या, प्रश्न याच तीन पातळ्यांभोवती फिरतात.

रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते किती? फक्त चार-पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! आणि एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. लाल रक्तपेशींना तर तंतुकणिकाच नसतात. त्या केवळ ग्लुकोजवर जगतात. मग रात्री नऊला जेवून सकाळी सातपर्यंत आपण झोपतो, तेव्हा हा एक चमचा संपत कसा नाही?

कारण यकृत रात्रभर तो चमचा भरत राहते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, स्नायूंत त्याच्या तीन-चार पट. पण स्नायूंची कणगी ज्याची त्याची. तेथील साखर बाहेर रक्तात सोडायचे दारच स्नायूंकडे नाही. गावाला पुरवठा होतो तो यकृताच्या कोठारातून. ते साधारण दिवसभरात रिकामे होते. मग नव्या साखरेवर आणि चरबीवर भिस्त.

आता मुख्य मुद्दा ऐका. निरोगी माणूस उपाशी असतो, तेव्हा त्याचे इन्सुलिन शून्य होते का? नाही. ते थेंबथेंब झिरपतच असते. दिवसभरातील इन्सुलिनपैकी साधारण निम्मे हे जेवणाशी संबंध नसलेले, सतत झिरपणारे असते. ते कशासाठी? यकृताने कोठार बेताने उघडावे म्हणून. चरबी बेताने वितळावी म्हणून. इन्सुलिन हे जेवणातली साखर पेशीत ढकलणारे औषध, एवढीच आपली समजूत असते. ती अर्धीच आहे. इन्सुलिन हे यकृताच्या आणि चरबीच्या दारावरचा हातही आहे. तो हात उपाशीपोटीही तेथे लागतोच.

त्या मुलाच्या शरीरात काय झाले?

मी विचारले होते, "साखर कुठून येणार?" उत्तर माझ्याच पुस्तकात होते: यकृतातून.

त्या मुलाच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनतच नव्हते. बाहेरून मिळत होते, ते मी थांबवले. वर ताप, म्हणजे ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढलेले. यकृताची दारे सताड उघडी पडली. ते कोठारातील साखर सोडत राहिले, नवी बनवत राहिले. पेशींना ती आत घेता येईना. साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेऊ लागली आणि मूल कोरडे पडले.

याहून भयंकर गोष्ट चरबीची. चरबी तंतुकणिकेत जळते आणि तेथे शिरण्यासाठी मेदाम्लाला एका फाटकातून जावे लागते. इन्सुलिन असले की पेशीत मॅलोनिल कोएन्झाइम ए हा पदार्थ तयार होतो आणि तो हे फाटक लावून धरतो. इन्सुलिन गेले, मॅलोनिल घटले, फाटक उघडले. इकडे चरबीही लोट्याने वितळत होती. यकृतातील तिठ्यावर मालाचा ढीग पडला. क्रेब्ज चक्राला तो उरकेना, कारण चक्राला लागणारा ऑक्झॅलोॲसिटेट हा पदार्थ साखर बनवण्याकडे पळवला जात होता. मग यकृताने त्या ढिगाची किटोन द्रव्ये केली.

थोडी किटोन द्रव्ये वाईट नाहीत. दीर्घ उपवासात मेंदू त्यांच्यावर गुजराण करतो. पण तेव्हा झिरपते इन्सुलिन त्यांना आवर घालत असते. येथे आवरणारा कोणी नव्हता. ही द्रव्ये आम्ल आहेत. रक्त आम्लधर्मी झाले. ते आम्ल कमी करण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड जोराने बाहेर टाकू लागले. तोच तो खोल श्वास. तोंडाचा वास होता असिटोनचा. पोटदुखी आणि उलट्या त्याच्याच. मी ज्याला साधी उलटी समजलो, ती या आगीचा धूर होती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात सलाइन आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर आधी साखर खाली आली. तेव्हा तेथील डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवले नाही. ग्लुकोजचे सलाइन जोडले आणि इन्सुलिन चालूच ठेवले. मुलाच्या बापाने नंतर मला विचारले, "साखरेसाठी इंजेक्शन, आणि वर पुन्हा साखरच देतात, हे काय हो?" उत्तर असे, की साखर उतरली तरी किटोन उरलेले असतात. फाटक लावायला इन्सुलिन हवे, आणि इन्सुलिन देता यावे म्हणून साखर हवी.

१९२२ साली कॅनडात टोरोंटो येथे इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला दिले गेले. जानेवारीच्या ११ तारखेचा पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ तारखेपासून दिला, तेव्हा साखर उतरली आणि लघवीतील किटोनही नाहीसे झाले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपाय होता, आणि त्याने मरण फक्त थोडे पुढे ढकलले जाई. १९९५ साली मी नकळत त्या मुलाला १९२२ च्या आधीच्या काळात नेऊन ठेवले होते.

विद्यार्थ्यांनी कसे शिकावे?

गुरुजींच्या मुलीला मी सांगितले, "अगं, प्रत्येक वाट शिकताना वहीच्या कडेला पाच प्रश्न लिही. हे काम कोणत्या अवयवात आणि पेशीच्या कोणत्या भागात चालते? केव्हा चालते, जेवल्यावर की उपाशी? दार कोणते? दार उघडतो कोण आणि लावतो कोण? आणि दार अडकले तर माझ्यासमोर कोणता रुग्ण येईल?" शेवटच्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत पान उलटायचे नाही.

उदाहरण म्हणून जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम घ्या. काही जणांत ते जन्मतः कमी असते. एरवी त्रास नसतो. पण मलेरियासाठी प्रायमाक्विन दिले की लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते, कावीळ दिसते. दुसरे उदाहरण दारूचे. उपाशीपोटी दारू प्यायली की यकृतातील नवी साखर बनवण्याचे काम अडते आणि साखर घसरते. रस्त्यात पडलेला माणूस केवळ प्यायलेला आहे असे समजून सोडून देऊ नये. त्याची साखर तपासावी.

आकड्यांच्या मागे फार लागू नये. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात, असे आम्ही लिहीत होतो. आताची पुस्तके ३० ते ३२ म्हणतात. आकडा बदलला, दारे तीच राहिली.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट. ज्यांचा मधुमेह लहानपणीचा आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यांनी आजारपणात जेवण बंद झाले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन तर नाहीच नाही. मात्रा कमी-जास्त करावी लागते, ती डॉक्टरांना विचारून. दर तीन-चार तासांनी साखर तपासावी. आता घरोघरी यंत्रे आहेत आणि लघवीतील किटोन पाहायच्या पट्ट्याही औषधाच्या दुकानात मिळतात. पाणी पीत राहावे. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल चालला असेल किंवा गुंगी येत असेल तर घरी थांबू नये. साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. प्रौढपणी आलेल्या मधुमेहात ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतात. माणूस जेवला की नाही, हे त्या पाहत नाहीत. अशी गोळी घेऊन कडक उपवास केला तर साखर धोकादायक घसरते. तेव्हा उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी गोष्ट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची. त्या साखर लघवीवाटे काढतात. त्या घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, खाणे बंद झाले किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. अशा वेळी त्या बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. या गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोन वाढू शकतात. त्यामुळे "साखर तर बरी आहे" म्हणून गाफील राहू नये.

चौथी गोष्ट एकादशीची. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पंचांगात उपवास असतो, यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या लेखी ती मेजवानीच असते.

एका औषधाला थांबवू नका म्हणायचे आणि दुसरे थांबवा म्हणायचे, हे वाचकांना गोंधळाचे वाटेल. पण दारांचा नकाशा समोर ठेवला की दोन्ही नियम एकाच गोष्टीतून निघतात. या घटकेला दारावर इन्सुलिनचा हात आहे का, आणि आहे तो किती जड आहे, एवढेच पाहायचे.

तो मुलगा आज चाळिशीत आहे. बाजारपेठेत त्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो आणि आजारी पडला की औषधाआधी फोन करतो. परवा त्याच्या दुकानावरून जाताना गुरुजींची मुलगी बरोबर होती. मी त्याला म्हणालो, "ही डॉक्टर होते आहे." तो तिला म्हणाला, "ताई, एवढं एक शिका. पेशंट जेवत नाही म्हणाला, तर मान वर करून बघा."

माझ्या पुस्तकात हे वाक्य नव्हते. तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे.